सपाट रेघ : मिरजेच्या एका जर्मन वर्गातली रेकॉर्डिंगं

वर्ग सतरा जणांचा. चौदा सिस्टर, तीन ब्रदर. कुणी जीएनएम, कुणी बीएस्सी नर्सिंग झालेले, सगळे मिरज-सांगलीच्या वेगवेगळ्या दवाखान्यांत नोकरी करणारे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि आमच्या भागात जर्मनची चौकशी एकदम वाढली. माझे विद्यार्थी मात्र त्या सरकारी योजनेतले नव्हते. ते एजन्सीमार्फत जाणारे होते आणि एजन्सीने त्यांना एवढंच सांगितलं होतं की आधी बी-१ काढा, मग बोलू.

बी-१ म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची परीक्षा. तिचे चार भाग असतात : वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकी १०० गुण, उत्तीर्ण व्हायला ६०. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. संभाषणाला दोन उमेदवार समोरासमोर बसतात. आधी पंधरा मिनिटं तयारीला मिळतात. मग दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, म्हणजे सहल, वाढदिवस, आजारी मित्राला भेटायला जाणं असलं काही. त्यानंतर प्रत्येकाने एका विषयावर तीनेक मिनिटं बोलायचं आणि शेवटी एकमेकांना प्रश्न विचारायचे. तयारीचे मुद्दे जवळ ठेवता येतात, पण ते वाचून दाखवायचे नसतात.

माझ्या वर्गाचं घोडं इथेच अडत होतं. व्याकरणाचे पेपर बरे यायचे, ऐकून समजायचं, पण बोला म्हटलं की सतरा माना खाली. आणि बोलायला वेळ तरी कुठे होता? दीड तासाचा वर्ग. मी एक अक्षर बोलले नाही तरी माणशी पाच मिनिटं. त्यात मी काही न बोलणारी बाई नाही.

म्हणून रेकॉर्डिंग. शिक्षकांसाठी खास बनवलेली ॲप्स मी पाहिली होती. त्यातलं फ्लिपग्रिड बरंच नावाजलेलं, पण मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ते घेतलं, २०२२ मध्ये त्याचं नाव फ्लिप केलं आणि २०२४ मध्ये स्वतंत्र ॲप म्हणून ते बंदच झालं. नवीन काही शिकवत बसण्यापेक्षा सगळ्यांच्या हातात जे आहे तेच घ्यावं, असं ठरवलं. व्हॉट्सॲपचा ग्रुप केला. रोज संध्याकाळी मी एक विषय टाकायचे आणि प्रत्येकाने दोन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवायची. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट अशा फिरत्या ड्युट्या असलेल्या माणसांना एवढंच झेपण्यासारखं होतं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकच तक्रार केली : हा माझा आवाज नव्हेच. त्यात भाषेचा काही दोष नाही. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो आतून भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला उरतो. नर्सिंग शिकलेल्या मुलांना हे पटकन कळलं. तरी लाज गेली नाही.

पहिला महिना मी उच्चार दुरुस्त करण्यात घालवला. ते सोपंही असतं आणि काम केल्यासारखं वाटतं. आपल्याकडे काही उच्चार आयते आहेत. जर्मन झेड म्हणजे आपला चाकातला, चुलीतला, चोचीतला च. तो मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. दहा म्हणजे ‘च़ेन’, एकदा सांगितलं की झालं. पण ‘मी’ या अर्थाचा जो जर्मन शब्द आहे, त्याच्या शेवटच्या आवाजाला देवनागरीत अक्षर नाही. ‘ह्या’ म्हणताना सुरुवातीला जी हवा जाते, तिच्या जवळपासचा तो आवाज. मुलं पुस्तकात त्या शब्दावर पेन्सिलीने ‘इश’ लिहायची आणि ‘इश’च म्हणायची. मी रोज सतरा जणांना लिहायचे : इश नव्हे. ‘श’वर उतरलात तर जर्मनमध्ये चर्च आणि चेरी यांत फरक राहत नाही, हेही सांगायचे. हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इश.

या सगळ्यात आष्ट्याची एक मुलगी होती. वर्गात तोंड न उघडणारी. तिच्या व्हॉइस नोट मात्र अशा, की वाटावं ही पुण्याला जाऊन परीक्षा देऊनच आली आहे. बरोबर दोन मिनिटं, एकही चूक नाही. मी ग्रुपवर अंगठे दाखवायचे, शाबासकी द्यायचे. वर्गात तोच विषय विचारला की ती टेबलाकडे बघायची. मला वाटायचं, लाजते.

एका रात्री तिची नोट हेडफोन लावून ऐकली आणि पानाची सळसळ ऐकू आली. मग जुन्या नोट काढून पुन्हा ऐकल्या. प्रत्येक वाक्याचा चढ-उतार सारखा. वाक्य संपलं की श्वास, वाक्याच्या मध्ये कुठेही नाही. विचार करणारा माणूस असा श्वास घेत नाही. विचारल्यावर म्हणाली, आधी लिहून काढते, मग वाचते, चुकलं की खोडते, पुन्हा. एका विषयाला चौदा वेळा झालेलं. होस्टेलच्या खोलीत बाकीच्या झोपलेल्या असतात म्हणून वॉर्डाच्या लिनन रूममध्ये, चादरींच्या गठ्ठ्यांत बसून. “चुकलेलं कसं पाठवू मॅडम? ग्रुपवर सगळी ऐकत्यात.”

मला राग आला नाही, शरम वाटली. ग्रुपवर घ्यायची कल्पना माझीच. एकमेकांचं ऐकून शिकतील हा त्यामागचा विचार. शिकलेही, पण भलतंच. सगळ्यांनी आष्ट्याच्या मुलीसारखं सफाईदार पाठवायचं म्हणून लिहून वाचायला सुरुवात केली होती. बोलण्याचा सराव म्हणून जे चाललं होतं तो निबंधवाचनाचा सराव होता.

दुसरी चूक याहून वाईट, आणि ती मला बऱ्याच उशिरा कळली. सतरा जणांची दोन-दोन मिनिटं म्हणजे चौतीस मिनिटं. त्यावर लिहायला धरलं तर रोजचा दीड तास. तो वाचवायला मी नोट दीडपट वेगाने ऐकत होते. व्हॉट्सॲपवर ही सोय २०२१ पासून आहे आणि मला ती फार आवडायची. दीडपट वेगात शब्द नीट कळतात, उच्चारही कळतात. अडखळणं मात्र कळत नाही. जिथे मूल तीन सेकंद थांबलं तिथे मला दोनच सेकंद ऐकू यायचे आणि माझं मन ते ओलांडून पुढे जायचं. ज्यासाठी हे सगळं मांडलं तोच भाग मी खाऊन टाकत होते.

मग सगळं बदललं. ग्रुपवर फक्त विषय. नोट मला एकटीला. विषय आला की दहा मिनिटांत बोलायचं. ड्युटीवर असाल तर सुटल्यावर विषय उघडायचा, पण उघडल्यापासून दहाच मिनिटं. हातात कागद नको. नुसतं सांगून ते होत नाही, म्हणून हात कामात ठेवायला सांगितलं : कपड्यांच्या घड्या घाला, गॉजचे तुकडे दुमडा, भाजी निवडा आणि बोला. जतचा ब्रदर शेंगा फोडत बोलायचा. त्याच्या प्रत्येक नोटमध्ये कटकट आवाज असे. आणि व्हॉट्सॲपमध्ये थेट न बोलता आधी फोनच्या स्वतःच्या रेकॉर्डर ॲपमध्ये बोलायचं, एकदा स्वतः ऐकायचं, मग फाइल पाठवायची.

हा शेवटचा बदल मी आवाज जरा स्वच्छ यावा म्हणून केला होता. त्याचा उपयोग वेगळाच झाला. रेकॉर्डर ॲपमध्ये आवाजाची लाट पडद्यावर दिसते. बोललात की उंच-सखल रेघा, थांबलात की सरळ आडवी. रविवारच्या वर्गात एकीने आपली फाइल सगळ्यांना दाखवली, मधल्या लांब सपाट रेघेवर बोट ठेवलं आणि मागून आवाज आला, “मॅडम, पेशंट गेला.” वर्ग पाच मिनिटं हसत होता. आयसीयूत काम करणाऱ्या माणसांना सपाट रेघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून आमच्यात थांब्याला ‘सपाट’ हेच नाव पडलं. आज किती सपाट? कुठे सपाट? ग्रुपवर स्वतःची चूक पाठवायला लाजणारी मुलं आपल्या सपाट रेघांचे स्क्रीनशॉट मात्र हौसेने पाठवायला लागली.

आणि मीही, साध्या वेगाने, चुका सोडून फक्त थांबे ऐकायला लागले.

विषय होता हँडओव्हर. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देतात तसं जर्मनमध्ये सांगायचं : वय, ताप, बीपी, औषध. बी-१ च्या परीक्षेत हे येत नाही, पण पुढे यांना रोज हेच करायचं आहे. सतरापैकी जवळजवळ सगळ्यांच्या रेघा एकाच ठिकाणी सपाट झाल्या होत्या. आकड्यापाशी. ‘ब्लूटड्रुक’ म्हणजे बीपी, तिथपर्यंत धडधड येतात. १३० ही येतो. मग ‘त्सू’, म्हणजे आपलं ‘बाय’. आणि मग सपाट. दोन सेकंद, तीन सेकंद. त्यानंतर ८५, आणि काहींचं चक्क ५८.

जर्मनमध्ये ८५ हा ‘पाच-आणि-ऐंशी’ असा म्हणतात : फ्युन्फ-उंट-आख्त्सिश (शेवटी पुन्हा तोच, अक्षर नसलेला आवाज). आधी एकक, मग दशक. हे पाठ्यपुस्तकात विचित्र म्हणून शिकवलं जातं, कारण पुस्तकं इंग्रजीकडे बघून लिहिलेली. पण पंच्याऐंशी म्हणजे तरी काय? पाच आणि ऐंशीच. एकवीस, बावीस, चौतीस, सगळे तसेच. मराठी माणसाने इथे अडखळायचं काहीच कारण नव्हतं.

मी एकीला विचारलं, आकडा मनात कसा येतो गं? ती म्हणाली, “एटी फाइव्ह.” बरोबरच होतं. वॉर्डात बीपी वन थर्टी बाय एटी फाइव्ह असतं, डोस फाइव्ह हंड्रेड मिलिग्रॅम असतो. घरी मराठी बोलणारी ही मुलं आकडा मात्र इंग्रजीत पाहतात. एटी फाइव्ह डोक्यात आला की तो उलटा करायचा, मग जर्मन घालायचं. त्या उलट करण्याला ते तीन सेकंद लागत होते. तापाचं तर आणखी अवघड. आपल्याकडे वॉर्डात फॅरनहाइट, तिकडे सेल्सिअस. १०१.३ चे ३८.५ करायचे, ते करताना ३८ उलटा करायचा, वर पॉइंटच्या जागी ‘कोमा’ म्हणायचं. तो थांबा चार-पाच सेकंदांचा होता आणि मी महिनाभर ‘उच्चार सुधारा’ असं लिहीत होते!

भाषा शिकवणारे नेहमी सांगतात, त्या भाषेतच विचार करा. मी वर्गाला उलट सांगितलं : आकडा आला की आधी मनात मराठीत म्हणा. आठवडाभर रोज वीस आकडे, कागदावर अंक पाठवायचे, मनात पंच्याऐंशी, तोंडाने जर्मन, रेकॉर्ड. सपाट रेघा आखडत गेल्या. सगळ्यांच्या नाही. दोन मुली इंग्रजी माध्यमातल्या, त्यांना त्र्याहत्तर म्हणजे किती हेच आठवून बघावं लागे. त्यांच्यासाठी हा रस्ता लांबचा होता, त्यांना मी तो सोडून द्यायला सांगितला. आणि ‘एकोण’ सगळ्यांनाच नडलं. ७९ म्हणजे आपल्याकडे एकोणऐंशी, ऐंशीला एक कमी. जर्मनमध्ये सरळ नऊ-आणि-सत्तर. एकोणऐंशीकडून कुणी ८९ वर गेलं, कुणी ८१ वर. शेवटी एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सात आकडे वेगळे काढून नुसते पाठ करून घेतले. डोसच्या बाबतीत ‘जवळपास बरोबर’ असं काही नसतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ म्हणायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेल. लहान मुलांना जोडाक्षरं जड जातात म्हणून ते केलं होतं, आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण ती पोरं उद्या जर्मनच्या वर्गात आली तर माझी युक्ती फुकट.

वाक्यरचनेतही थांब्यांनी असंच काही दाखवलं. ‘कारण’ या शब्दाने सुरू होणाऱ्या जर्मन पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं. तिथे रेघ सपाट होत नव्हती, मराठीतही क्रियापद शेवटीच. जी क्रियापदं फुटून त्यांचा एक तुकडा वाक्याच्या टोकाला जातो तिथे मात्र टोकाचा तुकडा गळायचा. ‘फोन करणे’ म्हणजे ‘आनरूफेन’, त्यातलं टोकाला जाणारं ‘आन’ लिहिताना सगळे लिहीत, बोलताना निम्म्यांचं वाक्य त्याच्या आधीच संपे. थांबाही नाही, कारण काही राहिलं आहे हे त्यांना जाणवतच नव्हतं. अशा ठिकाणी स्वतःचं स्वतः ऐकूनही उपयोग होत नाही. तिथे मीच लागत होते.

या काळातच एक प्रकार घडला. एका नोटमध्ये मागून एका नातेवाइकाचा आवाज आला, पेशंटचं नाव, बेड नंबर आणि आजार, सगळं स्पष्ट. बोलणारी कॉरिडॉरमध्ये उभी होती. नोट ग्रुपच्या दिवसांतली, जुनी. मला ती थांबे शोधताना सापडली. ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करायची मुदत साधारण अडीच दिवसांची असते, ती केव्हाच उलटली होती. आणि व्हॉइस नोट ज्याने ऐकली त्याच्या फोनमध्ये असतेच. रविवारी सतरा जणांना समोर बसवून ती एकेकाच्या फोनमधून पुसायला लावली. नर्सिंगमध्ये गोपनीयता शिकलेली माणसं ही, पण गृहपाठ करताना वॉर्डात आहोत हेच विसरायला होतं. त्यानंतर नियम केला : दवाखान्याच्या आवारात रेकॉर्डिंग बंद. लिनन रूमसुद्धा बंद. आष्ट्याची मुलगी होस्टेलच्या गच्चीवर जायला लागली. पावसाळ्यात तिच्या नोटमध्ये पत्र्यावरचा पाऊस इतका असे की निम्मं ऐकू येत नसे, तरी चालेल म्हणून सांगितलं.

एक गोष्ट रेकॉर्डिंगने जमली नाही. दोघांनी मिळून ठरवायचा भाग. जोड्या लावल्या, पण एकाची नाइट, दुसऱ्याची मॉर्निंग. एकाने प्रस्ताव पाठवायचा, दुसऱ्याने आठ तासांनी उत्तर द्यायचं. ऐकायला तो संवाद वाटतो, पण समोरचा मध्येच बोलला तर काय करायचं, त्याचं कळलं नाही तर कसं विचारायचं, गप्प बसला तर आपण कसं उचलून धरायचं, यातलं काहीच त्यात नसतं. मग फोन लावून स्पीकरवर बोला आणि दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा, असं सांगितलं. तेही तिघा-चौघांनीच केलं. शेवटी परीक्षेआधीचे तीन रविवार मी व्याकरण बंद ठेवलं आणि नुसत्या जोड्या समोरासमोर बसवल्या. रेकॉर्डिंगने वाचवलेला वेळ तिथे खर्च केला असं म्हणता येईल. खरं तर ते मी आधीच करायला हवं होतं.

परीक्षेत बोलण्याच्या भागात बहुतेक जण पहिल्याच वेळी सुटले. तिघे राहिले, त्यातल्या दोघांनी तो भाग पुन्हा देऊन काढला. एकाने नाद सोडला. तो आता कोल्हापूरला आहे आणि सुखात आहे. हे रेकॉर्डिंगमुळे झालं का, ते मला सांगता येणार नाही. नुसते समोरासमोर बसवले असते तरी कदाचित एवढेच सुटले असते. जतच्या ब्रदरने परीक्षेतून बाहेर आल्यावर सांगितलं, हात रिकामे होते म्हणून सुरुवातीला सुचेना.

आष्ट्याची मुलगी पुढे बी-२ च्या तयारीसह तिकडे गेली. स्टुटगार्टच्या जवळ वृद्धांच्या एका घरात आहे. गेल्या वर्षी तिची व्हॉइस नोट आली, मराठीत, चाळीस सेकंदांची. एक आजी आहेत, त्यांचं बोलणं कळत नाही म्हणत होती. त्यांचा आवाज तिने रेकॉर्ड केला नव्हता, तसं आधी सांगितलंही. त्यांची नक्कल स्वतःच करून दाखवली : “डेस इश गुअट.” मग म्हणाली, “मॅडम, ही म्हातारी सारखं इश, इश करती. मला वाटायचं ‘मी, मी’ म्हणती, मग मी म्हटलं हिला काय होतंय? आता कळलं.”

कळलं ते असं की त्या भागातल्या श्वेबिश बोलीत ‘आहे’ या क्रियापदाचा ‘इस्ट’ जाऊन ‘इश’ होतो, आणि ‘मी’चं नुसतं ‘इ’ उरतं. आम्ही वर्गात खोडून काढलेला इश तिथे जिकडेतिकडे होता, फक्त दुसऱ्या शब्दाच्या जागी.

नोट साध्या वेगाने ऐकली. शेवटी जरा सपाट होतं, मग हसू, मग प्रश्न : “तर आता मी इश म्हणू का नको?”